हरलेच नाही आपले पोट्टे!

११ ऑक्टोबर २०२४ ते २ मार्च २०२५. आपल्याकडच्या हिशेबात कपाशीच्या वेच्यापासून हरभऱ्याच्या सोंगणीपर्यंतचा काळ. तेवढ्या काळात विदर्भाचा क्रिकेट संघ रणजी करंडकात दहा सामने खेळला. किती हरला? एकही नाही. करंडक नागपुरात आला. त्या हंगामातल्या, अन् त्याच्या थोड्या मागच्यापुढच्या, या चटपटीत गोष्टी. वाचायला चहाच्या एका कपाएवढा वेळ लागेल, वाद घालायला मात्र पुढचा हंगाम येईपर्यंत पुरतील.

चाळीस गुणांचा हिशेब

रणजीत सामना निर्णायक जिंकला की ६ गुण. डावानं किंवा दहा गड्यांनी जिंकला तर वर एक बोनस. अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३, मागे राहिलेल्याला १. विदर्भानं साखळीतल्या सात सामन्यांपैकी सहा जिंकले: झाले ३६. त्यातल्या एकाला बोनस: ३७. गुजरातविरुद्धचा सामना अनिर्णित, पण आघाडी आपली: ४०. गटात पहिला नंबर. पुढं उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामनेही निर्णायक जिंकले आणि अंतिम सामना अनिर्णित राहिला. एकूण दहा सामने, आठ विजय, दोन अनिर्णित आणि पराभवाच्या रकान्यात भोपळा.

कृषी केंद्रातली बाटली आणि जर्मनीचा विजेता

आदल्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, जर्मनीत अशीच करामत झाली होती. बुंडेसलीगा या तिथल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये बायर लेव्हरकुसेन हा क्लब ३४ सामने खेळला: २८ विजय, ६ बरोबरी, पराभव शून्य. बायर्न म्युनिकची सलग अकरा विजेतेपदांची साखळी त्यांनी तोडली. अख्खी लीग न हरता जिंकणारा जर्मनीतला हा पहिलाच क्लब.

हे नाव तेल्हाऱ्याच्या किंवा मोर्शीच्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. कपाशीवर फवारायच्या कॉन्फिडॉरच्या बाटलीवर ‘बायर’ लिहिलेलं असतं, तीच ही कंपनी. बीटी कपाशीचं बोलगार्ड तंत्रज्ञान ज्या मोन्सँटोचं, ती कंपनीही बायरनं २०१८ मध्ये विकत घेतली. लेव्हरकुसेनचा क्लब १९०४ साली या बायरच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. पहिली लीग जिंकायला त्यांना १२० वर्षं लागली.

आता टक्केवारी काढा. लेव्हरकुसेनचे लीगमधले विजय ८२ टक्के, विदर्भाचे रणजीतले विजय ८० टक्के. फरक दोन टक्क्यांचा! एका बाबतीत मात्र जर्मन मंडळी पुढं निघाली. लीगसोबत त्यांनी देशांतर्गत चषकही जिंकला. २५ मे २०२४ च्या अंतिम सामन्यात कैझरस्लाउटर्नला १-० नं हरवलं, तेही अख्खा दुसरा अर्ध दहाच खेळाडूंनी खेळून. विदर्भाचा ‘चषक’ २०२४-२५ मध्ये थोडक्यात हुकला. ती गोष्ट पुढं येतेच.

दोन हिवरखेडं, एक संघ

वऱ्हाडात हिवरखेड एकच नाही. एक अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. दुसरं अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. पण त्या हंगामात कोणत्याही हिवरखेडच्या माणसाला ‘संघात आपल्याकडचं कोण?’ असं विचारलं असतं तर दोघांकडेही उत्तर तयार होतं. तेल्हाऱ्याकडच्यानं सांगितलं असतं, अकोल्याचे अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे. मोर्शीकडच्यानं सांगितलं असतं, अमरावतीचा जितेश शर्मा. विदर्भाचा संघ म्हणजे नागपूरचा संघ, हा समज आता मोडीत काढायला हरकत नाही.

पहिला सामना, तोही थेट अंतिम

अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे. याच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीची सुरुवात कुठं झाली, माहीत आहे? २९ डिसेंबर २०१७ ला इंदूरमध्ये, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात! उमेश यादव तेव्हा भारतीय संघासोबत होता, जागा रिकामी झाली आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती चेंडू आला. काही लोक रणजीत पंधरा वर्षं घालवतात तरी अंतिम सामना पाहत नाहीत. हा गडी पहिल्याच सामन्यात विजेता.

महिन्याभरात त्याला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकासाठी न्यूझीलंडचं विमान पकडावं लागलं. जायबंदी ईशान पोरेलला पर्याय म्हणून बोलावणं आलं होतं. आणि २०२४-२५ च्या हंगामात? उपांत्यपूर्व सामन्यात तमिळनाडूविरुद्ध ३४ धावांत ५ बळी. विदर्भाच्या ३५३ धावांसमोर तमिळनाडू २२५ वर आटोपलं. सामना १९८ धावांनी खिशात.

एक षटक, तीन मोठे मासे

उपांत्य सामना, समोर मुंबई. रणजी ४२ वेळा जिंकलेला संघ, गतविजेता, आणि आदल्या वर्षी वानखेडेवर अंतिम सामन्यात याच विदर्भाला १६९ धावांनी हरवलेला. म्हणजे हिशेब बाकी होता.

डावखुरा फिरकी गोलंदाज पार्थ रेखाडे चेंडू घेऊन आला. नव्याचे नऊ दिवसही न सरलेला खेळाडू. एकाच षटकात त्यानं अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना घरी पाठवलं. पहिला तेव्हाचा मुंबईचा कर्णधार, दुसरा तेव्हाचा भारताच्या टी-ट्वेंटी संघाचा कर्णधार, तिसरा टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघातला. सूर्यकुमार आणि दुबे यांना तर खातंही उघडता आलं नाही. डावात रेखाडेचे ४ बळी आणि मुंबई २७०.

निम्म्याहून जास्त एकट्याच्या

त्याच सामन्याचा दुसरा डाव. विदर्भाच्या एकूण धावा २९२. त्यातल्या १५१ एकट्या यश राठोडच्या! निम्म्याहून जास्त. कर्णधार अक्षय वाडकरनं ५२ करून त्याला साथ दिली. मुंबईपुढं ४०६ चं लक्ष्य आलं आणि ती ३२५ वर थांबली. ८० धावांनी विजय, वानखेडेचा हिशेब चुकता.

राठोडच्या हंगामाची बेरीज ९६० धावा. त्या वर्षी रणजीत देशभरात यापेक्षा जास्त धावा कोणाच्याच नव्हत्या.

सलामीला हे कोण आलं?

अंतिम सामना, नागपूरचं जामठा मैदान, २६ फेब्रुवारी. नाणेफेक केरळनं जिंकली आणि विदर्भाला फलंदाजीला धाडलं. प्रेक्षकांनी डोळे चोळले: सलामीला पार्थ रेखाडे! म्हणजे मुंबईला फिरकीवर नाचवणारा तोच गोलंदाज. तो दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर पायचीत. मग तिसऱ्या क्रमांकावर दर्शन नळकांडे, म्हणजे वेगवान गोलंदाज! त्यानं २१ चेंडू खेळून काढले अन् धाव केली एक. थोड्या वेळात दुसरा सलामीवीर ध्रुव शोरीही परतला. ३ बाद २४. रणजीच्या अंतिम सामन्यात असा डाव कोण खेळतं, असं म्हणायची सोय झाली.

पण नळकांडेची गोष्ट इथं संपत नाही. पहिल्या डावात चेंडूनं त्यानं ३ बळी घेतले. दुसऱ्या डावात आपल्या नेहमीच्या जागी, खाली, फलंदाजीला आला आणि नाबाद अर्धशतक ठोकलं. सामना थांबला तेव्हा तोच खेळपट्टीवर उभा होता.

२४ वरून २३९

त्या ३ बाद २४ नंतर काय झालं? दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या. नायर ८६ वर धावबाद झाला तेव्हा फलकावर २३९ लागले होते. दानिशनं १५३ केल्या आणि सामनावीर ठरला.

विशेष म्हणजे दानिशचा हा रणजीतला पहिलाच हंगाम. पहिल्याच हंगामात ७८३ धावा. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला दुलीप करंडकात मध्य विभागाकडून पदार्पण केलं, तर तिथं थेट द्विशतक!

एक, दोन आणि… सदतीस

आता समोरच्या संघाची गंमत. केरळ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम सामन्यात आला होता, आणि आला कसा तर केसाच्या अंतरानं. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावाची आघाडी १ धावेची. उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध आघाडी २ धावांची. दोन्ही सामने अनिर्णित आणि दोन्ही वेळा केरळ पुढं.

गुजरातचा तो शेवटचा बळी तर सिनेमात शोभावा असा. फलंदाजानं जोरात फटका मारला, चेंडू जवळ उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात विसावला!

अंतिम सामन्यातही कपाळावर तेच लिहिलेलं: सामना अनिर्णित, निकाल पहिल्या डावावर. फक्त यावेळी आघाडी ३७ धावांची होती आणि ती विदर्भाकडे होती. ३७९ विरुद्ध ३४२. केरळला वर काढत असलेला सचिन बेबी ९८ वर मोठा फटका मारायला गेला आणि सीमारेषेजवळ झेलबाद झाला. गोलंदाज कोण? पुन्हा पार्थ रेखाडे. सलामीचं शून्य त्यानं असं वसूल केलं.

घरचा माणूस पाहुण्यांच्या तंबूत

केरळकडून ७९ धावा काढून विदर्भाला घाम फोडणारा आदित्य सरवटे कोण होता? विदर्भाचाच! २०१८-१९ मध्ये नागपुरातच झालेल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक मिळवून देणारा सामनावीर. चेतेश्वर पुजाराला त्यानं त्या सामन्यात १ आणि ० वर गुंडाळलं होतं. २०२४-२५ च्या हंगामात तो केरळकडून खेळायला गेला आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यासाठी पुन्हा नागपुरातच येऊन पोचला.

आता याची उलटी बाजू. विदर्भाचा सलामीवीर ध्रुव शोरी मूळचा दिल्लीचा. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध दिल्लीकडून १४५ धावा त्यानंच कुटल्या होत्या. म्हणजे ज्यानं आपल्याला छळलं तो आपल्याकडे आला, आणि ज्यानं आपल्याला जिंकवलं तो तिकडे गेला. देशांतर्गत क्रिकेटमध्ये सोयरीक अशीच बदलते.

नऊ बोटं

अंतिम सामन्याचा चौथा दिवस. करुण नायरनं शतक पूर्ण केलं, हेल्मेट काढलं आणि ड्रेसिंग रूमकडे बोटं दाखवली. नऊ! रणजीतली चार आणि एकदिवसीय विजय हजारे करंडकातली पाच, अशी हंगामातली नऊ शतकं. ती खेळी १३५ ची झाली आणि केरळचं परतीचं दार बंद झालं.

याच नायरनं २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केल्या होत्या. वीरेंद्र सेहवागनंतर कसोटीत त्रिशतक काढणारा दुसरा भारतीय. पण पुढच्या वर्षभरात तो भारतीय संघातून बाहेर पडला आणि नंतर कर्नाटकनंही बाजूला ठेवलं. २०२३ मध्ये विदर्भानं दार उघडलं. या हंगामानंतर जून २०२५ मध्ये तो लीड्सला पुन्हा भारताकडून कसोटी खेळला, आठ वर्षांनी.

सरासरी ३८९.५

छापताना चूक झाली नाही. विजय हजारे करंडकात नायरच्या आठ डावांतल्या धावा अशा: नाबाद ११२, नाबाद ४४, नाबाद १६३, नाबाद १११, ११२, नाबाद १२२, नाबाद ८८ आणि २७. एकूण ७७९. बाद किती वेळा? दोनदा. भागा आता.

त्यात आणखी एक जागतिक विक्रम दडला आहे. पहिल्यांदा बाद होईपर्यंत त्याच्या नावावर ५४२ धावा जमल्या होत्या. मर्यादित षटकांच्या अ श्रेणी क्रिकेटमध्ये बाद न होता इतक्या धावा आधी कोणीही केल्या नव्हत्या. न्यूझीलंडच्या जेम्स फ्रँकलिनचा ५२७ चा विक्रम मागे पडला.

हुकलेला चषक

आणि तरीही विदर्भ ती स्पर्धा हरला! १८ जानेवारी २०२५ ला वडोद्यात अंतिम सामना झाला. समोर कर्नाटक, म्हणजे नायरचं जुनं घर. कर्नाटकच्या ३४८ समोर विदर्भ ३१२ पर्यंत पोचला, ३६ धावा कमी पडल्या. नायरला २७ वर प्रसिद्ध कृष्णानं त्रिफळाचीत केलं. ध्रुव शोरीनं ११० केल्या. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, तिन्ही बाद फेऱ्यांत त्याचं शतक. तरी हाती उपविजेतेपदच.

लाल, पांढरा, पांढरा, लाल

२०२४-२५ चं वेळापत्रकही मजेशीर होतं. रणजीचे आधीचे साखळी सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मग लाल चेंडू कपाटात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टी-ट्वेंटीचा सय्यद मुश्ताक अली करंडक, त्याला लागूनच पन्नास षटकांचा विजय हजारे करंडक, आणि जानेवारीत पुन्हा लाल चेंडू, पुन्हा रणजी. शेतात एकाच मोसमात कापूस, तूर आणि हरभरा सांभाळणाऱ्यांना या खेळाडूंची धावपळ वेगळी समजावून सांगायला नको.

एक राज्य, तीन संघ

भारतात बहुतेक राज्यांचा रणजी संघ एक. महाराष्ट्राचे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यामुळे ‘आपलेच आपल्याविरुद्ध’ हा प्रकार इथं नेहमीचा. या हंगामात विदर्भानं दोघांचीही गाठ घेतली.

विजय हजारेच्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध शोरी ११४ आणि राठोड ११६, सलामीलाच २२४ धावा. त्यावर नायरच्या ४४ चेंडूंत नाबाद ८८ आणि अमरावतीच्या जितेशचं झटपट अर्धशतक. विदर्भ ३ बाद ३८०, विजय ६९ धावांनी.

मुंबईशी दोनदा गाठ पडली. रणजीत काय झालं ते वर आलंच. टी-ट्वेंटीत मात्र उपांत्यपूर्व सामन्यात विदर्भानं २२१ धावा काढूनही मुंबईनं चार चेंडू राखून त्या पार केल्या. म्हणजे फिट्टंफाट.

६९

डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे, तेव्हा वय बावीस. एका रणजी हंगामात ६९ बळी. इतके बळी एका हंगामात याआधी कोणीच घेतले नव्हते. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८. त्याच्याही आधी बिशनसिंग बेदींचा ६४ बळींचा विक्रम चव्वेचाळीस वर्षं टिकला होता. तिघंही डावखुरे फिरकीपटू, ही आणखी एक गंमत.

अंतिम सामन्यात हर्षला विक्रमासाठी तीन बळी हवे होते. पहिल्या डावात बरोबर तीन मिळाले. केरळचा दुसरा डाव झालाच नाही, त्यामुळे आकडा ६९ वरच थांबला. शिवाय फलंदाजीत ४७६ धावा. मालिकावीर कोण, यावर फारशी चर्चा करावी लागली नाही.

बेरारचा जुना सातबारा

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला तेव्हा विदर्भ नावाचा संघ नव्हता. होता तो ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. पहिल्याच वर्षापासून वऱ्हाडचं नाव रणजीच्या कागदावर आहे, हे ध्यानात असू द्या. विदर्भ नावानं संघ उतरला १९५७-५८ मध्ये.

आणि भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्मले कुठं? नागपुरात, १८९५ साली. पण विदर्भ संघाचा खेळाडू भारताकडून कसोटी खेळायला २०११ साल उजाडावं लागलं. तो म्हणजे खाणकामगाराचा मुलगा, उमेश यादव.

साठ वर्षं शून्य, मग आठ वर्षांत तीन

१९५७-५८ पासून साठ वर्षं विदर्भाला रणजीचा अंतिम सामनाही दिसला नव्हता. २०१७-१८ मध्ये दिसला आणि लगेच जिंकला. मग २०१८-१९ मध्ये पुन्हा. २०२३-२४ मध्ये उपविजेते. २०२४-२५ मध्ये तिसरं विजेतेपद. चार अंतिम सामने, तीन करंडक. पहिल्या दोन वेळी कर्णधार फैज फझल आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. तिसऱ्या वेळी कर्णधार अक्षय वाडकर आणि प्रशिक्षक विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी. आणि हाच वाडकर २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात १३३ धावा करून गेला होता. रणजीच्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा तो विदर्भाचा पहिला फलंदाज.

तीन चेंडू, तीन दांड्या

त्याच इंदूरच्या सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली. तिन्ही गडी त्रिफळाचीत, आणि तिसरा गडी १४५ वर खेळणारा ध्रुव शोरी! रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅटट्रिक. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमनं मुंबईविरुद्ध घेतली होती. आता शोरी विदर्भाचाच झाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये हा विषय किती वेळा निघाला असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा.

दहापैकी दहा

वसीम जाफर रणजीचे दहा अंतिम सामने खेळला आणि दहाही जिंकला. आठ मुंबईकडून, शेवटचे दोन विदर्भाकडून. चाळिशी गाठताना त्यानं मार्च २०१८ च्या इराणी करंडकात २८६ धावा कुटल्या, विदर्भानं ७ बाद ८०० वर डाव सोडला. पुढच्या वर्षी इराणी करंडक पुन्हा जिंकला, तेव्हा संघानं बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबांना देऊन टाकली.

चार षटकं, शून्य धावा

दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा अक्षय कर्णेवार. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडकात मणिपूरविरुद्ध त्यानं चार षटकं टाकली. चारही निर्धाव, आणि २ बळी. टी-ट्वेंटीत चारही षटकं निर्धाव टाकणारा जगातला तो पहिला गोलंदाज. आता कोणत्या हातानं टाकली, हे टपरीवर विचारायला ठेवू.

अमरावतीचा फिनिशर

जितेश शर्मा रणजीच्या त्या हंगामात दिसला नाही, पण पांढऱ्या चेंडूनं भरपाई केली. आयपीएलच्या लिलावात बंगळुरूनं त्याच्यावर ११ कोटी लावले होते. २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या आणि आठवडाभरात बंगळुरूनं अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर पहिला आयपीएल करंडक उचलला. तुलना करायचीच असेल तर ही करा: अख्खा रणजी हंगाम जिंकणाऱ्या संघाला मंडळाचं बक्षीस ५ कोटी. एका यष्टिरक्षकाची आयपीएलची बोली त्याच्या दुपटीहून जास्त.

अकोल्याच्या तायडेची बारी

अकोल्याचा सलामीवीर अथर्व तायडे २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात अकराजणांत नव्हता. म्हणून तर सलामीला रेखाडेला जावं लागलं. पण पोट्ट्यानं मनावर घेतलं असावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाचा सामना होता. तायडे १४३, सामनावीर. विदर्भ ९३ धावांनी विजयी. इराणी करंडक तीनदा खेळले, तीनदा जिंकले.

मग जानेवारी २०२६. विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना, आदल्या वर्षी हुकलेला तोच चषक. समोर सौराष्ट्र. तायडेच्या १२८ धावा, विदर्भ ३१७, विजय ३८ धावांनी. विदर्भाचं या स्पर्धेतलं पहिलं विजेतेपद. नायर तोवर कर्नाटकात परत गेला होता. त्याच्या जागेवर अमन मोखाडेनं उभ्या स्पर्धेत ८१४ धावा काढल्या होत्या, म्हणजे नायरच्या ७७९ पेक्षाही जास्त.

एका दमात

• दोन सामने, पार्थ रेखाडेच्या तीन भूमिका: कधी मुंबईचा कर्दनकाळ, कधी शून्यावर बाद होणारा सलामीवीर, कधी सचिन बेबीचं शतक हुकवणारा.

• विदर्भानं रणजीच्या तिन्ही बाद फेऱ्यांत पहिल्या डावात साडेतीनशेच्या वर धावा केल्या: ३५३, ३८३, ३७९.

• जामठ्यात पहिली कसोटी झाली २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी.

• एका हंगामात रणजीतल्या सर्वाधिक धावा राठोडच्या, विक्रमी बळी दुबेचे, नऊ शतकं नायरची. तिघांचीही नावं वेगळी, म्हणून तर समोरच्या संघाला कोणाला आधी रोखावं हे कळलं नाही.

कपाटात जागा किती?

रणजी तीन, इराणी तीन, विजय हजारे एक. साठ वर्षं रिकामं राहिलेलं कपाट आठ वर्षांत एवढं भरलं. आधी विदर्भ जिंकला की वर्तमानपत्रं ‘धक्कादायक’ लिहायची. आता हरला की लिहितात. एवढं सगळं झालं, तरी एक खण अजून मोकळा आहे: टी-ट्वेंटीच्या सय्यद मुश्ताक अली करंडकाचा. दोन्ही हिवरखेडांतल्या पोट्टेहो, टेनिस बॉलवर षटकार मारून झाले असतील तर अकोला-अमरावतीच्या निवड चाचणीची तारीख काढा.